चौघा पुरुषांचं घर

१२ जानेवारी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. आम्ही चौघे इकडे खुशाल आहोत, तुझी खुशाली कळव. हवा बरी आहे. पाणी वेळेवर येतं.

'फोनवर तुमच्यापैकी कोण बोलतंय आणि कोण बोलायला लावतंय ते कळत नाही, काही सांगायचं असेल तर लिहून पाठव,' असं तू म्हणाली होतीस, म्हणून लिहितोय. अक्षराला हसू नकोस. हे पत्र माझं मीच लिहितोय. बाबा शेजारीच बसलेत, पण ते रेडिओ ऐकताहेत.

आधी घरची बातमी. तू वसतिगृहाची नोकरी धरून गेलीस त्यानंतर आम्ही महिनाभर पाव आणि उकडलेली अंडी खाऊन दिवस काढले, ते तुला माहीत आहे. आता तसं राहिलेलं नाही. दादा स्वयंपाक करतो. बस डेपोतून येतो, हाताचं ग्रीस काढायला अर्धी साबणाची वडी संपवतो आणि भाजी चिरायला बसतो. कांदा इतका बारीक चिरतो की आपला मधला भाऊ पैलवान त्याला विचारतो, 'दादा, हा पोटात घालायचा की इंजिनात?' पैलवान भांडी घासतो. इतकी वर्षं व्यायामशाळेत जे दंड कमावले त्यांचा घराला पहिल्यांदा उपयोग झाला. कपडे माझ्याकडे. देखरेख बाबांकडे. तू होतीस तोवर चहाची पूड कुठल्या डब्यात असते हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आता चौघांनाही ठाऊक आहे, त्यामुळे ती टिकत नाही.

दादाने खिडकीला पडदा लावलाय. निळा. रोज दाढी करतो. का ते विचारू नकोस, मलाही नक्की माहीत नाही.

गल्लीत तिसरं न्हाव्याचं दुकान उघडलं. इथे दुसरं चालणार तरी काय? वर्कशॉप सुटलं की संध्याकाळी कठड्यावर ओळीने पुरुष बसतात, कुणी वाळत घातल्यासारखे. शिकलेल्या मुली मोठ्या शहरात गेल्या त्या गेल्या, आणि आमच्या वयाच्या मुली मुळात जन्मल्याच कमी, त्याबद्दल मोठी माणसं काही बोलत नाहीत. एखादी बाई रस्त्याने जायला लागली की कठडा एकदम गप्प होतो, आणि ती वळणापलीकडे गेली की सगळे उगाचच मोठ्याने बोलायला लागतात. मीही त्यात असतो, खोटं कशाला सांगू.

प्राणीबागेत माझ्याकडे अजून पाणपक्षीच आहेत. पुढच्या छोट्या तळ्यात फक्त नर बदकं ठेवलीत, नऊ. मागच्या मोठ्या तळ्यात माद्या आणि त्यांच्यात दोन नर. पुढचे नऊ इतके गुण्यागोविंदाने राहतात की बघणाऱ्याला कंटाळा येतो. ऊन खातात, पिसं साफ करतात, एकमेकांना खेटून झोपतात. पण लोकांना पिल्लं बघायची असतात. साहेब म्हणाले, पुढच्या तळ्यात एखादी मादी सोड. मी सगळ्यांत दांडगी निवडली. तिला आम्ही मास्तरीण म्हणतो, कारण दाणे टाकले की ती बाकीच्यांना चोचीने रांगेत उभं करते. म्हटलं, एक खमकी बाई आली की नऊ काय, एकोणीससुद्धा सरळ होतील. आपल्याला घरचाच अनुभव आहे. काल सकाळी सोडली तिला.

बरं, मुद्द्याचं राहिलंच. बाबांचा उजवा गुडघा फार दुखतोय. डॉक्टर ऑपरेशनचं म्हणताहेत. अशा वेळी घरात बाईमाणूस हवं असं सगळ्यांचं मत पडलं. तू पंधरा दिवसांची रजा काढून आलीस तर बरं होईल. येताना जरा बरे कपडे आण, म्हणजे आपले नेहमीचेच, पण बरे.

काळजी करू नकोस. पण ये.

तुझं,
शेपूट

(बघ, तू लहानपणी ठेवलेल्या नावानेच सही केली. तुझ्या मागेमागे फिरायचो ते दिवस बरे होते.)


२७ जानेवारी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुझं कार्ड मिळालं. तीन ओळींचं कार्ड लिहायला तुला किती वेळ लागला असेल माहीत नाही, मला वाचायला सगळा दिवस लागला. 'पहिल्या ओळीत सगळे खुशाल आणि शेवटी ऑपरेशन, हे कसं? मावशीकडून कळलं की डावा गुडघा दुखतोय. नक्की कुठला?'

मी कार्ड बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, 'लिही, दोन्ही.'

ताई, गुडघा बरा आहे. दोन्ही बरे आहेत. बाबा काल बाजारात पायी जाऊन आले. माझ्या हातून पत्रात 'उजवा' लिहिलं गेलं आणि बाबांनी मावशीला फोनवर 'डावा' सांगितलं. चौघा पुरुषांना एक गुडघा ठरवता येत नाही, तर घर कसं चालवत असतील असं तुला वाटेल. चालतं, पण असंच चालतं.

खरी गोष्ट सांगतो. आनंदाचीच आहे. दादाचं लग्न ठरतंय.

आता तू उडी मारशील, म्हणून सावकाश लिहितो. दादा एकेचाळीसचा झाला. किती ठिकाणी विचारलं ते मोजायचं आम्ही सोडून दिलं होतं. मुलीकडचे आपल्या दारातून आत बघतात, चार पुरुष दिसतात, आणि 'आमची मुलगी या घरात कुणाशी बोलेल?' असं विचारून चहा अर्धा टाकून जातात. त्यांचंही चूक म्हणता येत नाही. पण ही मुलगी वेगळी आहे. तिला आम्ही आपसात शिंपीण म्हणतो. गणवेश शिवण्याच्या कारखान्यात ती काजं-बटणांच्या विभागाची प्रमुख आहे. डेपोचे गणवेश तिथूनच येतात. दादाच्या शर्टाची बाही एक लांब, एक आखूड आली, म्हणून तो तक्रार घेऊन गेला. ती म्हणाली, 'बाह्या बरोबर आहेत, तुमचा एक खांदा पडलाय. पाना कुठल्या हाताने फिरवता?' तेव्हापासून दादाचं डोकं ठिकाणावर नाही. पुढच्या महिन्यात त्याने चांगल्या शर्टाचीही तक्रार केली.

ती आपल्या घरी येऊन गेली, तिच्या वडिलांबरोबर. निळा पडदा तिच्यासाठी लावला होता. तिने तो उलटून बघितला आणि शिवण धरून म्हणाली, 'हे कुणी केलं?' दादा म्हणाला, 'मी.' ती म्हणाली, 'उसवते मी नंतर.' या 'नंतर'वर दादा आठवडाभर जगला. भाजीत मीठ दोनदा पडायचं आणि कुणी काही बोलायचं नाही.

तळ्याची बातमी मात्र चांगली नाही. मास्तरणीने कुणालाही सरळ केलं नाही. पहिल्या दिवशी नऊही जण तिच्याभोवती माना वरखाली करत फिरले. मला वाटलं, मान देताहेत. तिसऱ्या दिवशी ती मला दिसेना. लाकडी पुलाखाली, पाइपाच्या मागे दडली होती. डोक्यावरची पिसं उपटलेली, मानेवर रक्त. आणि जे नऊ महिनोन् महिने एकमेकांना खेटून झोपायचे, ते एकमेकांच्या जिवावर उठले. एकाचा पाय लंगडा झाला. मी मादीला घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावलो. त्यांनी तिला टॉवेलात गुंडाळलं आणि मला विचारलं, 'एकटी सोडलीत? नऊ नरांत?'

मी म्हटलं, 'दांडगी होती ती.'

'दांडगेपणाचा इथे काय संबंध?' त्या म्हणाल्या. 'नुसते नर असतील तर वर्षानुवर्षं शहाण्यासारखे राहतात. त्यांच्यात एक मादी सोडली की भांडण तिच्यावरून होतं आणि हाल तिचेच होतात. एका नरामागे चार-पाच माद्या हव्यात. तुम्ही उलटं केलंत.'

मी त्यांना आपल्या घराचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मलाच टॉवेलात गुंडाळलं असतं.

पण मी तुला हे का लिहितोय? बदकांचं आणि आपलं काही एक नाही. दादाचं सांगत होतो.

तर, सगळं ठरल्यात जमा आहे. एक छोटी अट आहे त्यांची. म्हणजे अट असं नव्हे, त्यांचीही अडचण आहे. शिंपिणीला एक मोठा भाऊ आहे. वेल्डिंगचं दुकान आहे त्याचं. बायको तापाने गेली, दोन लहान मुलं आहेत. शिंपीण लग्न होऊन आली तर त्या घरात बाई उरत नाही. तिचे वडील म्हणाले, 'आमच्या घरातली एक तुम्हाला द्यायची, तर तुमच्या घरातली एक आम्हाला हवी.' साटंलोटं म्हण हवं तर. आजकाल आपल्याकडे सगळीकडे असंच ठरतं. ज्यांच्याकडे द्यायला मुलगी नाही त्यांच्या मुलांना कुणी विचारत नाही. बाबांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांच्या तोंडावर काय आनंद फुलला! म्हणाले, 'आपल्याकडे आहे की!'

माणूस वाईट नाही, ताई. मी बोललो त्याच्याशी. कमी बोलतो. दारू पीत नाही. मला त्याने एकच विचारलं, 'तुमची बहीण उंच आहे का? ओट्यावरची फळी उंच आहे, पहिलीला स्टूल लागायचं. ठेंगणी असेल तर मी फळी खाली घेतो.' घरी येईपर्यंत मला कळेना की हा चांगला माणूस आहे की माप घेतोय. अजून कळलेलं नाही. तुला कळेल कदाचित.

विचार कर. घाई नाही. म्हणजे थोडी आहे.

तुझं,
शेपूट


९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. या वेळी खुशालीचं लिहीत नाही.

तुझं पत्र मिळालं. मला वाटलं होतं तू चार पानं शिव्या घालशील. तू वसतिगृहातल्या नळाचं लिहिलंस. पन्नास बायका आणि एक म्हातारा पहारेकरी, त्यात नळ दुरुस्त करणारा आला तर त्याला चार खोल्यांतून चहा आला, आणि तो नळ एका तासात व्हायचा तो तीन दिवस गळत राहिला. ते वाचून पैलवान इतका हसला की ठसका लागला. म्हणाला, 'ताईला विचार, तिथे पहारेकऱ्याला मदतनीस हवाय का?' मग शेवटी तू एकच ओळ लिहिलीस. 'बाबांना काय वाटतं ते कळलं, दादाला काय हवंय तेही कळलं. तुला काय वाटतं?'

हा प्रश्न मला कुणी विचारत नाही गं. मला काय वाटतं हे मला माहीत असायची सवयच नाही. आधी तुझ्या मागे फिरायचो, आता बाबा सांगतील ते लिहितो.

मी सगळ्यांना विचारून बघितलं. डॉक्टरीणबाईंना विचारलं, आडून. म्हटलं, जिथे नर फार आणि माद्या थोड्या, तिथे मादीचा मान वाढायला नको का? बाजारात माल कमी आला की भाव चढतो. त्या म्हणाल्या, कुठे वाढतो, कुठे नाही. कमळपक्ष्यांत एक मादी चार नरांवर राज्य करते. ती अंडी घालून मोकळी, उबवायची नरांनी, पिल्लं सांभाळायची नरांनी. ऐकून मला बरं वाटलं. म्हटलं, मग बदकांत असं का? त्या म्हणाल्या, 'प्रत्येक जातीची तऱ्हा वेगळी. रानात मोठ्या तलावावर बदकीणही निसटू शकते, तिला उडून जाता येतं. आपल्या तळ्यातल्यांचे पंख आपण कापलेत.' मी म्हटलं, 'म्हणजे माणसांतही...' त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. 'शितावरून भाताची परीक्षा होते, बदकावरून बहिणीची नको.' मी बहिणीचं नाव काढलंच नव्हतं. त्यांना कसं कळलं देव जाणे. माझ्या तोंडावरच लिहिलेलं असणार.

मग मी शिंपिणीला भेटलो. कारखान्याच्या फाटकाशी, जेवणाच्या सुट्टीत. मला वाटलं होतं, तीही कात्रीत सापडलेली असेल, नको म्हणत असेल, म्हणजे माझं काम सोपं होईल. पण तसं नाही. तिला दादा आवडलाय. तोंडावर सांगितलं तिने. 'तुमचा भाऊ पहिला माणूस, ज्याला मी चूक दाखवली आणि तो रागावला नाही.' मी विचारलं, माझी बहीण नाही म्हणाली तर? ती म्हणाली, 'तर माझे बाबा मला दुसऱ्या एका घरी देतील. त्या घरात बदल्यात द्यायला मुलगी आहे. एकोणीस वर्षांची.' ती बोटातली शिवणाची टोपी फिरवत राहिली. मग म्हणाली, 'मला तुमचं घर हवंय. पण त्यासाठी तुमच्या बहिणीला ये म्हणा, हे मी कुठल्या तोंडाने सांगू? तिला सांगा, मी असं म्हणाले म्हणून. की नका सांगू. तुम्हीच ठरवा.' म्हणजे तिनेही माझ्यावरच टाकलं.

इकडे आड तिकडे विहीर असती तरी एक बरं होतं, दोन्हीकडे पाणीच. इथे एकीकडे दादा आहे आणि दुसरीकडे तू.

तू ये म्हणावं, तर आठवतं की तुझ्यासाठी विचारायला येणाऱ्यांना बाबा दारातूनच परत लावायचे. 'ती गेली तर घर कोण बघेल?' हे वाक्य आम्ही किती वर्षं ऐकलं. आई गेली तेव्हा तू सोळाची होतीस. घराला तू हवी होतीस तेव्हा तुला कुठे जाऊ दिलं नाही. आता घराला दुसरी कुणी हवी आहे, तर तुला देऊन टाकायची. मला हे आत्ता लिहिताना नीट दिसतंय. बाबांसमोर बसलो की दिसत नाही. तेव्हा वाटतं, बरोबरच आहे, म्हाताऱ्या माणसाला मुलाचं घर बसलेलं बघायचंय, त्यात काय वाईट?

आणि येऊ नकोस म्हणावं, तर दादा आहे. तो रात्री जेवण झाल्यावर ताटं उचलताना गुणगुणतो. दादा! ज्याने आई गेल्यापासून आवाज चढवला नाही की सूर लावला नाही. काल तो मला म्हणाला, 'ताई तयार झाली हे ऐकून मला इतकं हलकं वाटलं. तिचंही मार्गी लागेल.'

ताई, त्याला वाटत होतं तू हो म्हणालीस.

आता हे सांगायलाच हवं. दोन पत्रं झाली, मी त्याच्याभोवती घिरट्या घालतोय. 'ठरल्यात जमा' असं तुला लिहिलं, पण सगळं ठरलेलं होतं. पहिलं पत्र लिहिण्याच्या आदल्या दिवशीच. ते लोक आले होते, बाबांनी शब्द दिला, आणि शिंपिणीच्या वडिलांनी माझ्याकडे वळून विचारलं, 'तुमचं बहिणीशी चांगलं आहे म्हणतात. ती तयार आहे ना?' सगळे माझ्याकडे बघत होते. दादासुद्धा. मी हो म्हटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि गुडघ्याची कल्पनाही बाबांची नव्हे, माझीच. बाबा म्हणत होते, सरळ लिही. मला वाटलं, सरळ लिहिलं तर तू येणार नाहीस. तू एकदा आलीस, शिंपिणीला बघितलंस, दादाला गुणगुणताना ऐकलंस की तूच काय ते ठरवशील, म्हणजे मला ठरवावं लागणार नाही. इतकाच माझा डाव होता.

आता ऐक, महत्त्वाचं. येत्या रविवारी बाबा तुझ्याकडे निघालेत. बरोबर तो वेल्डिंगवाला आहे. सकाळच्या गाडीने. गाठ घालून देऊ, समोरासमोर नाही म्हणायला तिची जीभ उचलणार नाही, असं बाबा म्हणाले. त्यांचं बरोबर आहे. बाबांसमोर तुझी जीभ कधी उचलली नाही. तू गेलीस तीही किल्ली टेबलावर ठेवून, न बोलता.

फोनच केला असता. परवा वसतिगृहाच्या ऑफिसात केलाही होता. तू 'हॅलो, कोण?' म्हणालीस आणि मी ठेवून दिला. तो मीच. तुझा आवाज ऐकला की मला 'लवकर ये गं' एवढंच म्हणावंसं वाटतं, आणि तेच तर म्हणायचं नाही.

तुला सांगण्याआधी दादाला सांगितलं. आज संध्याकाळी, तो कांदा चिरत होता तेव्हा. सगळं सांगितलं. तू हो म्हणालेली नाहीस, तुला विचारलंच नाही, मी खोटं बोललो. मला वाटलं तो सुरी फेकून मारेल. निदान ओरडेल तरी. तो चिरत राहिला. कांदा संपला. मग त्याने पाटावरचा सगळा कांदा कढईत ढकलला आणि विचारलं, 'तिला रविवारचं माहीत आहे?'

मी नाही म्हटलं.

'मग लिही ना. बसलास काय?'

मी म्हटलं, 'दादा, ती आली नाही तर तुझं...'

'मला कळतं,' तो म्हणाला. 'मी काही बदक नाही.' त्याला मास्तरणीची गोष्ट मीच सांगितली होती. बरी आहे ती, तुला सांगायचं राहिलं. मागच्या तळ्यात परत सोडली.

तेव्हापासून लिहितोय. पैलवान दोनदा डोकावून गेला. बाबांनी विचारलं, कुणाला एवढं मोठं पत्र? मी म्हटलं, ताईला, तुम्ही येताय ते कळवतोय. म्हणजे खरं बोललो की खोटं, तूच सांग.

तू विचारलंस, मला काय वाटतं. मला वाटतं दादाचं लग्न व्हावं. मला वाटतं शिंपीण या घरात यावी आणि तिने तो पडदा एकदाचा उसवून नीट शिवावा. तो माणूस चांगला असेल असंही वाटतं. तुला त्याच्याशी बोलावंसं वाटलं तर बोल, पण तुझं तुला वाटलं तर, बाबा समोर बसलेत म्हणून नको. आणि मला वाटतं, माझ्या बहिणीला कुणाच्या बदल्यात कुणी मागू नये. या सगळ्या गोष्टी मला एकाच वेळी वाटतात आणि त्या एकमेकींत बसत नाहीत. मी तासभर बसवून बघितल्या. नाही बसत. म्हणून शेवटची तेवढी ठेवतो.

रविवारी तू तिथे असू नकोस. मैत्रिणीकडे जा, सहलीला जा, कुठेही जा. आणि घरी येऊ नकोस. कुणीही आजारी पडलं असं कळलं तरी मला आधी विचार, कुठला गुडघा.

इथवरचं दादाने वाचलं. उभ्यानेच वाचलं, दिव्याखाली धरून. एकदा वाचून झाल्यावर पहिल्यापासून परत वाचलं. शिंपीण जिथे म्हणते की तो आवडलाय, तिथे जरा जास्त वेळ थांबला. मग म्हणाला, 'चिकटव पाकीट. सकाळी डेपोला जाताना मी टाकतो.' मी म्हटलं, पेटी प्राणीबागेच्या वाटेवरच आहे, मीच टाकतो. तो म्हणाला, 'नको. मलाच टाकू दे.'

या ओळी त्याने वाचलेल्या नाहीत. तो झोपायला गेलाय. पाकीट त्याच्या डब्याच्या पिशवीत ठेवणार आहे. गल्लीतून डेपोपर्यंत बरंच चालायचं असतं, आणि वाटेत तो गणवेशांचा कारखाना लागतो. म्हणून सांगतो, हे तुझ्या हातात पडलं असेल तर ते त्याने टाकलंय, एवढं लक्षात ठेव. आणि पडलं नसेल तरी त्याच्यावर रागावू नकोस. नाही मिळालं तर तू हे वाचणारच नाहीस, कळतं मला. तरी लिहितो.

फार आठवण येते. येऊ नकोस.

तुझं,
शेपूट